बिननावाची बटणं

बिराजदार काकांची आणि माझी ओळख झाली ती मी त्यांना शहाणपण शिकवायला गेले म्हणून. जुन्या गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये काळा चष्मा घातलेला एक उंच म्हातारा उभा होता. एका कानात इअरफोन, फोन छातीशी धरलेला आणि फोनच्या काचेवर बोटं भराभर फिरतायत. काच मात्र ठार काळी. मी दिवसभर मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग भिंगाखाली बघून, कंपनीच्या बसमध्ये दीड तास डुलक्या खाऊन परतलेली. गप्प बसावं की नाही? पण चूक दिसली की बोट दाखवायचं, याचाच मला पगार मिळतो.

"अंकल, आपका फोन बंद है," मी म्हटलं.

"चालू आहे," ते शुद्ध मराठीत म्हणाले. "आत्ता आईला फोनवर 'आले गं, लिफ्टमध्ये आहे' म्हणालात ना? मग आमच्याशीच हिंदी कशाला? फोन चालू आहे, दिवा तेवढा बंद ठेवलाय. मला त्याचा उपयोग नाही, मग बॅटरी का जाळा?"

तेव्हा कुठे मला त्यांच्या दुसऱ्या हातातली पांढरी काठी दिसली. मी इतकी ओशाळले की माझा मजला येऊन गेला तरी उतरले नाही. त्यांनी मात्र दार उघडल्याचा आवाज बरोबर मोजला होता. "तुमचा तिसरा असावा," ते म्हणाले. "तिथं कुणी उतरलं नाही. चला, आता पाचव्यावर आमच्याकडे चहाच घेऊन जा."

काका मूळचे लातूरकडचे. देवीच्या साथीत चौथ्या वर्षी डोळे गेले. अंधशाळेत शिकले आणि विशीत दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "लाइन लागली नाही" एवढंच उत्तर. त्यांचं सगळं आयुष्य त्या स्विचबोर्डाच्या भाषेत होतं. कुणी मध्येच बोललं की "होल्ड करा". कुणी रागावलं की "जरा लाइन खराब आहे, नंतर लावा". नव्या ऑपरेटरला त्यांनी शिकवलेला पहिला धडा ते मलाही ऐकवायचे, "आधी ऐक, मग जोड. साहेबाचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत प्लग खुपसलास की भलत्याच माणसाशी जुळणार."

मी दिल्लीत वाढलेली, त्यामुळे माझं मराठी म्हणजे सगळा आनंदच. 'ओशाळणे' हा शब्दसुद्धा मला त्यांनीच दिला. मी "काका, यार, बिल्कुल टाइम नाहीये" म्हटलं की ते कपाळाला हात लावत. पण एक सांगते, एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी जो एक लाचार वास असतो, तो त्यांच्याकडे नव्हता. पेपर स्वतः ऐकायचे, मेट्रोने एकटे जायचे, दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला राहणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याला दर गुरुवारी भेटून यायचे. ते सगळं त्या काळ्या काचेच्या फोनच्या जोरावर. बोट जिथे टेकेल तिथलं नाव फोन कानात सांगणार, मग दोनदा ठोकलं की ते बटण दाबलं जाणार. सांगणारा आवाज इतक्या वेगाने बोलायचा की मला मिक्सर चालू असल्यासारखं वाटे. काका त्या आवाजाला 'बाई' म्हणत. "बाई काही गोड नाही," ते म्हणत, "पण कामाची आहे. फालतू बोलत नाही."

या व्यवहारात एक गोम होती, ती मला फार उशिरा कळली. ॲप बनवणारी मंडळी पुष्कळ बटणांना नावच देत नाहीत. आपल्याला तिथे बाणाचं किंवा घराचं चित्र दिसतं, आपलं काम होतं. काकांची बाई मात्र तिथे नुसतं "अनलेबल्ड बटन" म्हणायची. एका पानावर अशी सहा-सात बटणं. मग काका एकेक दाबून बघायचे, काय होतं ते समजून घ्यायचे आणि त्याला स्वतः नाव द्यायचे. तशी सोय फोनमध्ये असते. गेली कित्येक वर्षं रोज थोडं थोडं करून त्यांनी शेकडो बटणांची बारशी केली होती. 'मागे'. 'पैसे जातात, जपून'. 'जाहिरात, हात लावू नको'. मेट्रोच्या ॲपमध्ये एका बटणाचं नाव होतं 'याला काही अर्थ नाही'. मी एकदा ते बघितलं. खरंच नव्हता.

आणि मग आला फोन कंपनीचा अपडेट.

आपल्याकडे अपडेट येतो तेव्हा आपण कंटाळून 'ओके' करतो, सकाळी चित्रं जरा गोल झालेली दिसतात, दोन दिवस कुरकुरतो आणि विसरतो. काकांच्या फोनमध्ये त्या अपडेटनंतर जुनी बाई चालेना. तिच्या जागी आली एक मधाळ, सावकाश बोलणारी, आणि बोट टेकल्यावर ती अर्धा सेकंद थांबून बोलायची.

"अर्धा सेकंद म्हणजे काय हो काका," मी म्हटलं. दिवसभराची दमलेली होते, मला खरोखरच त्यात काही वाटलं नाही.

"अच्छा," काका म्हणाले. त्यांच्या तोंडी 'अच्छा' आला की समजावं, पारा चढलाय. "तू डोळे मीट. आता दर पावलाला अर्धा सेकंद उशिरा पायाखालची जमीन लागेल असं समज आणि स्वयंपाकघरात जाऊन ये."

मी गेले नाही. पण मुद्दा कळला.

देशभरातल्या त्यांच्या अंध मित्रांचा एक गट होता, दिवसभर एकमेकांना आवाजी संदेश पाठवणारा. त्यातल्या कुणीतरी तोड सांगितली. कंपनीचं सॉफ्टवेअर काढून टाकायचं आणि हौशी मंडळींनी बनवलेलं दुसरं घालायचं. त्याला म्हणतात कस्टम रॉम. त्यात जुनी बाई पळते, उशीर होत नाही, मधाळ बोलणं नाही. अडचण एकच. ही अदलाबदल चालू असताना फोन मुका असतो. तिथे बाई नाही, काही नाही, नुसता काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा मेनू. काकांनी मेनू मोजून पाठ केला. आवाज कमी करायचं बटण तीनदा, मग पॉवर एकदा, मग दोनदा. तरी पडद्यावर खरोखर काय लिहून आलंय हे सांगायला डोळस माणूस लागणारच. तसं त्यांच्या हाताशी मी एकटीच होते.

"नियम ऐक," त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितलं. "जे लिहिलंय ते सगळं वाचायचं. कंटाळवाणं असेल तेही. तुला कळलं नाही तरी वाचायचं. बटणं मी दाबणार."

"काका, मी इन्स्पेक्टर आहे. बघणं हेच माझं काम."

"म्हणूनच भीती वाटते. तुम्ही लोक चूक शोधता. मला सगळंच लागतं."

झालं. कस्टम रॉम बसला आणि काका पुन्हा सुसाट सुटले. त्या गुरुवारी हिंदूरावला जाऊन दोन स्टेशनं मुद्दाम जास्तीची फिरून आले. पण सुख म्हणजे काय, आठ दिवसांचंच. महिनाअखेरीला त्यांच्या बँकेचं ॲप उघडेना. 'हे उपकरण सुरक्षित नाही' म्हणून दार बंद. कंपनीचं सॉफ्टवेअर काढलेला फोन त्या ॲपला चोरच वाटत होता. मी म्हटलं, शाखेत जाऊ. शाखेतला तरुण साहेब वागायला फार चांगला होता, पण तो काकांशी एक शब्द बोलला नाही, सगळं माझ्याशीच बोलला. "मॅडम, अंकलजी का पिन आपको मालूम है न? फिर क्या दिक्कत है?"

परतताना ऑटोमध्ये काकांनी काठी घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "माधुरी, माझी पत्रं आयुष्यभर दुसऱ्यांनी वाचली. डॉक्टरचा कागद, भाड्याचा करार, आई गेल्याची तार, सगळं. हा फोन आला आणि पहिल्यांदा असे चार आकडे झाले की जे मी सोडून कुणाला माहीत नाहीत. ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. तुलासुद्धा नाही. राग मानू नकोस."

मला राग आला नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसरा फोन घ्या म्हटलं तर म्हणाले, "एक सांभाळताना जीव मेटाकुटीला आलाय. दोन सासवा कुणी करतं का?" मग त्यांनी जी व्यवस्था काढली तशी जगात दुसऱ्या कुणी काढली नसेल. दर दोन महिन्यांनी एका रविवारी आम्ही फोनमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर घालायचो. त्या आठवड्यात काका मधाळ बाईला सहन करत बँकेची सगळी कामं स्वतः उरकायचे. पुढच्या रविवारी पुन्हा कस्टम रॉम. दर वेळी फोन कोरा व्हायचा, पण बटणांच्या नावांची फाइल फोनमधल्या वेगळ्या मेमरी कार्डावर ठेवलेली असे. ती परत आत घेतली की सगळी नावं जागच्या जागी. असं दोन वर्षं चाललं. माझ्या आईला वाटायचं मी पाचव्या मजल्यावर कसला तरी क्लास घेते. शनिवारी आठवण झाली की काहीतरी बहाणा करावासा वाटायचा, हेही कबूल करते. मनात यायचं, काका, जग अर्ध्या सेकंदाने हळू झालं तर झालं, सोडा ना आता. पण त्यांना तसं म्हणायची हिंमत नव्हती.

तो रविवार कारखान्यात ऑडिट संपल्यानंतरचा होता. सहा दिवस मी पहाटेची बस पकडत होते आणि डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं झालं होतं. त्या वेळी कस्टम रॉमची नवी आवृत्ती आली होती आणि तिचा मेनू थोडा बदललेला होता. काकांनी बटण दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न आला, त्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी, त्याखाली हो आणि नाही.

"काय आलंय?"

"नेहमीचंच. डेटा पुसायचा का? हो, नाही."

"अजून काही?"

"काही नाही, काका. करा हो."

त्यांनी 'हो' केलं. त्या बारीक ओळींत लिहिलं होतं की मेमरी कार्डसुद्धा पुसलं जाईल.

तासाभराने फोन चालू झाला. काकांनी कार्डावरची फाइल शोधली. पुन्हा शोधली. मग मेट्रोचं ॲप उघडून बोट फिरवायला लागले. जुनी बाई परत आली होती, तिच्या जुन्या वेगात ती एकच गोष्ट म्हणत होती. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन.

"काय लिहिलं होतं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी सांगितलं.

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं. वाचलं नाही. मला वाटलं..."

"वाटायचं नव्हतं, बाई," काका म्हणाले. आवाज चढला नाही, म्हणूनच तो अजून ऐकू येतो. "मी तुझे डोळे मागितले होते. अक्कल माझ्याकडे आहे."

मी रडले. माफी मागितली. म्हटलं, आपण दोघं बसून पुन्हा सगळी नावं देऊ, मी बघून सांगेन कोणतं बटण कसलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या घरचा पंखा, खालच्या भाजीवाल्याची हाक, सगळं नेहमीसारखं चालू होतं आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. "लाइन खराब आहे," ते म्हणाले. "तू जा आता, झोप."

तीन आठवडे त्यांनी मला फोन केला नाही. चौथ्या रविवारी केला. मी धावत वर गेले. चहा तयार होता.

"कंपनीचं सॉफ्टवेअर घालून टाक," ते म्हणाले. "आता कायमचं."

"का, काका? जुन्या बाईशिवाय तुमचं कसं होणार? मी नीट वाचेन. शपथ."

"वाचशील, माहीत आहे. पण मी सत्तरीच्या पुढे गेलोय गं, थकलो. आणि दुसरं म्हणजे, कंपनीच्या अपडेटने घोळ घातला तर मी कंपनीला मनसोक्त शिव्या घालू शकतो. तुझ्यावर चिडलो की तीन आठवडे मला चहा एकट्याला प्यावा लागतो. ते परवडत नाही."

असा माझा गुन्हा त्यांनी माफ केला आणि त्याची शिक्षा स्वतः भोगली. मधाळ बाई कायमची राहायला आली. काकांनी बटणांची बारशी पुन्हा सुरू केली, पण दहा-वीस झाल्यावर सोडून दिली. मेट्रो आधी दोन आठवड्यांनी एकदा झाली, मग सुटली. हिंदूरावचा मित्र फोनवर भेटू लागला. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "स्टेशनचं नाव ती इतक्या प्रेमाने सांगते की तेवढ्यात दार लागतं." मी हसले. ते हसले नव्हते. बँकेचं काम मात्र ते अजूनही स्वतः करत होते आणि त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळा असे. "चार आकडे ठणठणीत आहेत," असं मला मुद्दाम सांगत.

गेल्या दिवाळीनंतर बँकेच्या ॲपचा नवा अपडेट आला. कंपनीचा फोन, कंपनीचं सॉफ्टवेअर, सगळं सरळमार्गी. तरी पिन टाकायच्या पानावर बाई गप्प बसली. आकड्यांवर बोट फिरवलं तर एक शब्द नाही. सुरक्षेसाठी म्हणे. कुणी चोरून ऐकू नये म्हणून आकड्यांचा आवाजच बंद केला होता आणि आकड्यांच्या जागाही दर वेळी बदलत होत्या. काकांनी तक्रार केली. उत्तर आलं की तक्रार निकाली काढली आहे. पुन्हा केली. पुन्हा निकाली. महिनाभर ते रोज एकदा ते पान उघडून बसत, कदाचित आज बोलेल म्हणून. मी दुसरी बँक सुचवून बघितली, पण त्यांच्यात आता उठून कुठे जायचं बळ नव्हतं. खोकला धरला होता. औषधवाल्याचे पैसे द्यायचे होते.

एका संध्याकाळी मला वर बोलावलं. फोन माझ्या हातात दिला.

"दार लाव," ते म्हणाले.

घरात आम्ही दोघंच होतो. तरी मी दार लावलं.

काका खुर्चीत ताठ बसले, जणू पुन्हा बोर्डासमोर बसलेत. मग त्यांनी चार आकडे सांगितले, एकेक, स्पष्ट, मध्ये सारखं अंतर ठेवून. मी दाबले. पैसे गेले. मी त्यांना पडद्यावरचं सगळं वाचून दाखवलं, व्यवहाराचा लांबलचक क्रमांकसुद्धा, एकही अक्षर न गाळता. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

"काका, आपण आत्ताच पिन बदलू या," मी म्हटलं. "नवा तुम्ही मनात ठरवा."

"मनात ठरवून दाबायला कोण?" ते म्हणाले. "नवासुद्धा तुझ्याच बोटांनी जाणार. राहू दे."

मी त्यांचा हात धरला. तो गार होता आणि त्यांनी तो बराच वेळ काढून घेतला नाही. त्यानंतर महिनाभर दर आठवड्याला मी तो पिन दाबत होते. आकडे त्यांनी पुन्हा सांगितले नाहीत. मलाही विचारावे लागले नाहीत.

जानेवारीच्या कडाक्यात काका गेले. छातीत पाणी झालं होतं. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली आणि आतून "होल्ड करा" आलं नाही, म्हणून त्याने मला हाक मारली. लातूरहून त्यांचा पुतण्या आला, पन्नाशीचा, साधा माणूस. चुलत्याला तो चार-पाचदाच भेटलेला होता. सगळं उरकल्यावर त्याने काकांच्या वस्तू टेबलावर मांडल्या. काठी, रेडिओ, चष्मा, फोन. फोन त्याने उलटसुलट करून बघितला, काच काळीच होती.

"ताई, तुमचं इथं येणं-जाणं होतं म्हणून विचारतो," तो जरा संकोचत म्हणाला. "बँकेचं मी कागद देऊन करीन, त्याचं काही नाही. पण त्यांचा पिन वगैरे कुणाला माहीत होता का?"

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही."